टिकलीचा महिना

दुपारी जेवून गेलेला एक तरुण संध्याकाळी पुन्हा रंजना परातेच्या खानावळीत शिरला, तेव्हा त्याचे ओठ सुजलेले होते आणि शर्टाच्या पुढच्या भागावर ओकारी वाळली होती. तो थेट कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेला. तिथं त्याचा मित्र भाकरी कुस्करत बसला होता. तरुणानं पाण्यानं भरलेला स्टीलचा जग उचलला आणि मित्राच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा. मित्र खुर्चीसकट मागं कोसळला. रश्श्याचं ताट उलटलं, आणि फरशीवरच्या तर्रीत रक्त कुठलं न् तेल कुठलं ते कळेना.

रंजनानं स्वयंपाकघरातून येऊन तरुणाच्या मानेला धरलं. वीस वर्षं मटण तोडून तिचे हात लोहारासारखे झाले होते.

"बाहेर जाऊन मरा," ती म्हणाली. "माह्या टेबलावर नाही."

"यानं मले टिकली लावली, काकू. झोपेत. हसून राह्यला होता वरून."

दोघांना रस्त्यावर काढल्यावर तिचा नवरा प्रभाकर फरशी पुसायला बसला. फडक्यात दोन दात निघाले. ते बघून तो म्हणाला, "या महिन्यात मटण विकणं म्हणजे बॉम्ब विकणं झालं."

जानेवारीत महिनाभर प्राण्यांचं काहीच खायचं नाही, ही टूम शहरात तशी जुनी होती. मटण नाही, दूध-तूप नाही, अंडं नाही. पण आधी लोक चार दिवसांत डगमगायचे. टिकली आली आणि डगमगायची सोयच उरली नाही.

टिकली हे लोकांनी ठेवलेलं नाव. मसुराच्या डाळीएवढी पारदर्शक चकती, तिच्या पोटाला डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया. कातडीवर दाबली की सुया विरघळायच्या आणि चकती आंघोळीत गळून पडायची. तिच्यामागचं विज्ञान साधं होतं. बोकड, गाय, म्हैस या सस्तन प्राण्यांच्या मांसात आणि दुधात एक साखर असते, जी माणसाच्या शरीरात नसते. काही देशांत एका जातीची गोचीड चावल्यावर लोकांना मटण एकाएकी सोसेनासं व्हायचं, कारण गोचिडीच्या लाळेबरोबर ती साखर रक्तात जायची आणि शरीर तिला शत्रू मानून तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करायचं. मग पुढं कधी मटण खाल्लं की तीनचार तासांनी अंगावर गांधी, उलट्या, कधी त्याहून वाईट. शास्त्रज्ञांनी हीच प्रतिद्रव्यं प्रयोगशाळेत बनवली आणि त्यांची नांगी काढली. अंडी आणि मासळीसाठी आणखी दोन मिसळली. ही उसनी प्रतिद्रव्यं कातडीखालच्या पेशींवर जाऊन बसायची, आणि माणसानं चोरून मटण किंवा पेढा खाल्ला की काही तासांनी त्याला मळमळायला लावायची. मळमळ, एखादी उलटी, थोडी खाज-सूज, बस. महिन्याभरात ती झिजून जायची आणि माणूस पुन्हा मोकळा.

लाखो लोकांनी ती हौसेनं लावली. ऑफिसातल्या लोकांनी पैजा लावल्या, नवऱ्यांनी बायकांसाठी आणि बायकांनी नवऱ्यांसाठी लावली. आणि काहींनी, न विचारता, दुसऱ्याला.

रंजनाची मुलगी ईश्वरी हा महिना पाळण्यात तिसऱ्या वर्षीही पुढं होती. गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत, सावजी मटणाच्या खानावळीच्या माडीवर, तिच्या खोलीच्या भिंतीला बोकडाचं मोठं चित्र होतं. माणसाकडं सरळ बघणारा बोकड. लहानपणी मागच्या अंगणात बाप बोकड कापायचा, तेव्हा ती कानात बोटं घालून माडीवर बसायची. मोठी झाल्यावर बोटं काढली आणि बोलायला लागली. आईबापांशी भांडण झालं की आठवडा आठवडा अबोला. तरी रंजना तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात जवसाच्या तेलावर बेसनाच्या पाटोडीचा रस्सा करायची आणि जिन्याच्या पायरीवर ठेवून यायची.

"तू एकदा एक महिना करून बघ ना, आई," ईश्वरी म्हणायची.

"अन् खानावळ कोण चालवल? तुहा बोकड?"

"कोणाला उपदेश करून काही होत नाही. शरीराला कळलं की माणसाला कळतं."

संक्रांतीच्या दिवशी उमरेडच्या पलीकडून दौलत अवझे टेम्पोत बोकड घेऊन आला. ईश्वरीच्या जन्माच्या आधीपासून तोच या खानावळीला बोकड द्यायचा. धनगराचा माणूस, साठीला आलेला, उन्हानं काळा पडलेला. एकेका बोकडाला नावानं उतरवायचा आणि त्याचं दावं प्रभाकरच्या हातात देताना तोंड फिरवायचा. ईश्वरी चार वर्षांची असताना त्यानं तिला खांद्यावर घेऊन मारबतीची मिरवणूक दाखवली होती.

त्या दिवशी ईश्वरी तिळगुळाचा डबा घेऊन खाली आली. आधी तिनं बापाला दिला, मग दौलतला. त्याचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ दाबून धरला.

"दौलतबाबा, गोड बोला."

"जिती राह्य, माय," दौलत म्हणाला. "तू आज बोलली, हेच गोड."

रंजना दारातून बघत होती. पोरगी निवळली, असं तिला वाटलं आणि बरं वाटलं.

पुढच्या खेपेला दौलत आला तेव्हा नेहमीप्रमाणे जेवून गेला. खुरांचा रस्सा, दोन भाकरी, वर वाटीभर भात. प्रभाकरनं आग्रह करून आणखी एक पळी वाढली. टेम्पो घेऊन तो निघाला तेव्हा ऊन होतं. वाटेतली कामं उरकून अंधार पडता गावाच्या फाट्याला पोचेपर्यंत त्याचे तळहात खाजायला लागले. त्यानं गाडी थांबवली, शर्ट काढून अंग खाजवलं, आणि मुलाला फोन लावला. मंगेशला फोनवर बापाचा आवाज ओळखू आला नाही, कारण जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. मंगेश मोटरसायकलवरून फाट्याला गेला तेव्हा दौलत टेम्पोच्या चाकाला टेकून बसला होता, डोळ्यांच्या फटी झालेल्या, ओठ निळे. तालुक्याच्या दवाखान्यात पोचण्याआधीच मंगेशच्या पाठीला टेकलेलं ते डोकं लुळं पडलं.

तिसऱ्या दिवशी, खानावळीत पहिली पंगत बसायच्या वेळेला, मंगेश दोन चुलत भावांना घेऊन आला. बापाला अग्नी देऊन तो थेट आला होता. डोक्याचं मुंडण ताजं होतं, हातात कुऱ्हाड होती.

"काय खाऊ घातलं माह्या बापाले?"

"मंगेश, बस आधी," प्रभाकर म्हणाला. "आम्हाले आत्ताच कळलं. मी तुमच्याकडंच—"

कुऱ्हाडीचा पहिला घाव गल्ल्याच्या टेबलावर बसला. दुसऱ्यानं काचेचं कपाट फुटलं. गिऱ्हाइकं ताटं टाकून पळाली. चुलत भाऊ काठ्या घेऊन स्वयंपाकघरात शिरले, तिथल्या आचाऱ्याच्या नडग्यांवर त्यांनी काठ्या घातल्या आणि तो ओरडत चुलीपाशी पडला. रंजना मध्ये पडली, तिच्या कानशिलावर काठी बसली आणि तिला काही वेळ नुसती शीळ ऐकू येत राहिली.

"सडकं होतं. सडकं जनावर खाऊ घातलं," मंगेश म्हणत होता.

"तुह्याच बापानं आणलेलं जनावर होतं रे," प्रभाकर म्हणाला.

हे त्यानं बोलायला नको होतं. मंगेशनं चुलीवरच्या पातेल्याच्या कडीला पंचा गुंडाळला, ते उचललं आणि उकळती तर्री प्रभाकरच्या अंगावर फेकली. प्रभाकर ओरडलाही नाही. तो श्वास आत घेऊन उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसला, आणि त्याच्या छातीवरचं कातडं शर्टाबरोबर सरकलं.

जिन्यावरून ईश्वरी धावत आली. बापाला बघून ती किंचाळली, मग मंगेशकडं वळली. "त्यांनी काही केलं नाही, मंगेशदादा. त्यांनी काहीच नाही केलं. ते मी—"

रंजनाच्या कानात अजून शीळ होती, पण मुलीचा चेहरा तिला दिसला. तो चेहरा दुःखाचा नव्हता. रंजनानं झेप घालून तिचं तोंड दाबलं, तिला भिंतीवर रेटलं आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत तो हात काढला नाही.

चुलत भाऊ सापडले. मंगेश मागच्या अंगणातून भिंत ओलांडून पळाला.

प्रभाकरला मोठ्या सरकारी दवाखान्यात जळीत विभागात ठेवलं. डॉक्टर शीतल कोवे दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी रंजनाला बाजूला बोलावलं. तालुक्याहून पाठवलेल्या दौलतच्या शवाचं विच्छेदन इथंच झालं होतं.

"तुमच्या मटणात काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांना कोणीतरी टिकली लावली होती. मनगटावर सुयांच्या खुणा आहेत."

"टिकलीनं माणूस मरत नाही म्हणतात."

"तुम्हाआम्हाला लावली तर नाही मरणार. पण हा माणूस जन्मभर जनावरांत राहिलेला. त्याला आयुष्यात किती गोचिडी चावल्या असतील?"

रंजनाला दौलत दिसला. बोकडाच्या कानामागची गोचीड उपटून अंगठ्याच्या नखावर चिरडणारा, आणि स्वतःच्या पोटरीवरची काढताना हसणारा.

"आपल्याकडच्या गोचिडी चावल्या तरी सहसा काही कळत नाही," डॉक्टर सांगत होत्या. "पण शरीर त्या साखरेची ओळख धरून बसतं. झोपलेल्या सैन्यासारखं. टिकलीची प्रतिद्रव्यं बाहेरून आली आणि ते जागं झालं. कंपनीनं चाचण्या शहरातल्या लोकांवर केल्या. गुराख्यांवर, धनगरांवर कोणी केल्या नाहीत. हा या भागातला दुसरा मृत्यू आहे. ज्यानं लावली त्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. तरी पोलिसांना मला सांगावंच लागलं."

ईश्वरी दवाखान्यामागच्या सायकल स्टँडपाशी बसली होती. रंजना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. विचारायची गरज पडली नाही.

"मला वाटलं, त्यांना एक महिना मटण नकोसं झालं तर ते स्वतःच थांबतील," ईश्वरी म्हणाली. "ते बोकडांना नावं देतात, आई. विकताना तोंड फिरवतात. मला वाटलं, त्यांना थोडासाच धक्का पाहिजे."

रंजनानं पायातली चप्पल काढली. चप्पल तुटल्यावर हातानं मारलं. केस धरून तिचं डोकं लोखंडी खांबावर आपटलं. ईश्वरीनं हात वर केले नाहीत, तोंड झाकलं नाही. नाकातून रक्त ओठांवर आलं, हनुवटीवरून गळ्यात उतरलं. मारता मारता रंजनाचा हात दमला. मग ती खाली बसली आणि पदरानं मुलीचं तोंड पुसायला लागली.

"कोणाले सांगितलं?"

"कोणालाच नाही. पण मी सांगणार आहे."

"कोणालेच नाही सांगायचं," रंजना म्हणाली. "तुहा बाप जगते का मरते ते आधी पाहू. तू आजच्या आज भंडाऱ्याले मावशीकडं जा. तोंड उघडलं तर मी जीव देईन."

ईश्वरी गेली.

मंगेश रानात लपला होता, पण बापाला टिकली लावली गेली ही गोष्ट गावात पोचली आणि त्याच्यापर्यंतही पोचली. बाप परक्या कोणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही, म्हणजे हात घरातलाच, असा हिशेब त्यानं केला. त्याची बायको दीपाली त्या महिन्यात स्वतः टिकली लावून होती. शेजारच्या पोरी करतात म्हणून मोबाईलवरून तिनं पाकीट मागवलं होतं, आणि सासरा तिला हसला होता. मंगेश चोरून घरी आला आणि त्यानं टिकल्या मोजल्या. त्या पाकिटात एक टिकली कमी भरली. ती दीपालीनं धाकट्या बहिणीला दिली होती, पण ते सांगायला वेळ मिळाला नाही. त्यानं कुऱ्हाडीच्या पात्यामागचा बोथट तुंबा वापरला. शेजाऱ्यांनी दार तोडलं तोवर तिचा जबडा, डावा हात आणि बरगड्या मोडल्या होत्या, आणि मंगेश मागच्या दारानं पसार झाला होता.

तिला त्याच दवाखान्यात आणलं. प्रभाकरच्या विभागातून बाहेर पडलं की समोरच बायकांचा विभाग. रंजनाला नर्सनं नाव आणि माराचं कारण सांगितलं तेव्हा ती दारात बराच वेळ उभी राहिली आणि मग आत गेली.

दीपालीचा जबडा तारांनी बांधला होता. एक डोळा उघडत नव्हता. माहेरचं कोणी अजून आलं नव्हतं. रंजनानं चमच्यानं तिच्या ओठांच्या फटीत पाणी सोडलं. दीपालीनं तिला ओळखलं, आणि तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं.

एक हवालदार आला. "सासऱ्याला टिकली तुम्ही लावली का?" त्यानं विचारलं. दीपालीनं मान हलवली. नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा मान हलवली, इतक्या जोरानं की तिच्या घशातून कण्हणं बाहेर पडलं. हवालदार रंजनाकडं वळून म्हणाला, "नाहीच म्हणणार. दुसरं काय म्हणल?"

रंजनाच्या हातात चमचा होता. तो तिनं पुन्हा पाण्यात बुडवला.

त्यानंतर ती रोज आली. नवऱ्याची मलमपट्टी झाली की इकडं यायची, दीपालीचं अंग पुसायची, केस विंचरायची, गाळलेलं वरण नळीनं पाजायची. नर्सेसना वाटलं, काय मोठ्या मनाची बाई आहे. ज्यांनी हिचा नवरा भाजला, त्यांच्याच सुनेची सेवा करते. रंजना ते ऐकून घ्यायची. गाव दीपालीला खुनी म्हणत होतं, आणि दीपालीला बोलता येत नव्हतं. बोलायला लागली तरी कोण ऐकणार होतं. हे वाक्य रंजनाच्या मनात यायचं, आणि आलं की ती आणखी जोरात फडकं पिळायची.

मंगेश भेटीच्या वेळेत आला, दुपारी, माणसांच्या गर्दीतून, तोंडाला दुपट्टा बांधून. बोकड सोलायची सुरी त्यानं बाहीत ठेवली होती. पलंगाशी येऊन त्यानं दुपट्टा खाली केला, आणि दीपालीच्या तारांनी बांधलेल्या तोंडातून एक आवाज निघाला, जो रंजनानं फक्त जनावरांचा ऐकला होता.

रंजना मध्ये उभी राहिली.

"हट, काकू. तुह्याशी माहं काही नाही."

"तिनं नाही केलं. टिकली मी लावली."

मंगेश थांबला. आजूबाजूच्या बायका पलंगांवरून उतरून दाराकडं सरकत होत्या.

"तू?"

"हो. मी लावली."

"काहून?"

तिनं सुरीचा विचार केला होता, तुरुंगाचा केला होता. या प्रश्नाचा केला नव्हता. "जनावरांचा जीव..." ती म्हणाली आणि अडली.

मंगेशनं तिच्या हातांकडं पाहिलं. मनगटांवरच्या जुन्या चिरांकडं, जाड बोटांकडं. "तू जनमभर बोकड तोडले, काकू," तो सावकाश म्हणाला. "तुले जीवाची दया कधी आली?" मग त्याचा चेहरा बदलला. "तुही पोरगी. त्या दिवशी ते बोलत होती, अन् तू तिचं तोंड दाबलं."

तो दाराकडं वळला. "कुठं हाय ते?"

रंजनानं मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. त्यानं सुरी मागं फिरवली. तिचा दंड कोपरापर्यंत उघडला, दुसरा वार खांद्यात रुतला. तिनं सोडलं नाही. दोघं पलंगावर आदळली, सलाईनचा खांब पडला, रक्तावरून त्याचा पाय घसरला. पलंगाशेजारी प्राणवायूचं छोटं नळकांडं उभं होतं. रंजनानं ते एका हातानं उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो पडला, सुरी लांब सरकली. तो उठायला लागला तेव्हा तिनं नळकांडं त्याच्या डोक्यात घातलं. तो पुन्हा उठला नाही. तिनं पुन्हा घातलं, आणि परत एकदा. मुंडण केलेल्या डोक्यावर नुकते कुठं खुंट आले होते.

ईश्वरी भंडाऱ्याहून स्वतः आली. आई शस्त्रक्रियेच्या खोलीत होती, म्हणून तिला अडवायला कोणी नव्हतं. तिनं ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं.

प्रभाकर जगला, पण त्याचा उजवा हात खांद्याला चिकटून राहिला. खानावळ बंद पडली. टिकलीवर बंदी आली आणि उठली. पुढच्या जानेवारीत ती रक्ततपासणीच्या अटीवर पुन्हा दुकानांत आली, आणि लोक तपासणीसाठी रांगेत उभे राहिले.

मंगेशच्या खुनाबद्दल रंजनावर खटला उभा राहिला तेव्हा दीपालीचा जबडा जुळला होता, वाकडा. ती साक्षीला उभी राहिली आणि रंजनाच्या वकिलानं विचारलं तसं सगळं सांगितलं. मंगेश सुरी घेऊन आला होता. काकू मध्ये पडली नसती तर आज मी नसते. सरकारी वकिलानं विचारलं की मंगेश पडल्यावर आणखी घाव का घातले गेले. दीपाली म्हणाली, "मीही घातले असते."

रंजनाच्या वकिलानं समाधानानं मान हलवली आणि तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"अजून एक हाय, साहेब," ती न्यायाधीशांना म्हणाली. "या बाईनं मले पाणी पाजलं. माहे केस विंचरले. पोलीस मले विचारत होते तेव्हा ते तिथंच उभी होती, हातात चमचा घेऊन. तिले माहीत होतं का टिकली कोणं लावली. मंगेश दारात येईपर्यंत ते बोलली नाही." ती थांबली. वाकड्या जबड्यामुळं शब्द तिला सावकाश काढावे लागत होते. "तिनं मले वाचवलं, हे लिहा. पण हेही लिहा."

समोरच्या बाकावर महिला पोलिसाशेजारी ईश्वरी बसली होती. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं आईकडं पाहिलं.

"हे खरं आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

वकिलानं रंजनाच्या कोपराला हात लावला. ती उठली. मुलीकडं बघायचं तिनं टाळलं आणि दीपालीकडं बघितलं.

"खरं आहे," ती म्हणाली.